तोंडावरचा हेवा

कार्डिफच्या लायब्ररीत दर मंगळवारी अर्चनाताई कोरियन बायकांना इंग्रजी शिकवत. सात वर्षं, विनामोबदला, हौसेनं. मग नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून आलेली शिल्पा मदतीला येऊ लागली. तिला थोडं कोरियन येत होतं. तीन महिन्यांत बायकांच्या खुर्च्या तिच्या बाजूला सरकल्या आणि अर्चनाताईंच्या पोटात दुखू लागलं.

एका मंगळवारी वर्गातली सूजिन शिल्पाला म्हणाली, "आय एन्व्ही यू. तुझं इंग्रजी किती छान आहे."

"एन्व्ही असं तोंडावर म्हणायचं नसतं," अर्चनाताईंनी लगेच टोकलं. "वाईट अर्थ आहे त्याचा."

सूजिन ओशाळली.

"ताई, 'तुझा हेवा वाटतो' हे त्यांच्याकडे कौतुकानं म्हणतात," शिल्पा मराठीत म्हणाली. मग बायकांकडे वळून तिनं सांगितलं, "आय एन्व्ही यू चूक नाही, पण जरा जड वाटतं. मैत्रिणीला हसत 'आय ॲम सो जेलस' म्हणा."

सगळ्यांनी भराभर वहीत उतरवून घेतलं. आपलं एखादं वाक्य असं कुणी कधी उतरवलं होतं का, हे अर्चनाताईंना आठवेना.

घरी आल्या तर वर्गाचं काम बघणाऱ्या परीक्षितचा ईमेल. ब्रिस्टलला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, जागा एकच, शिल्पाला पाठवू का? अंगातला कोटही न काढता त्यांनी उत्तर धाडलं, "अजून कच्ची आहे. पुढच्या वर्षी बघू."

दोन दिवस त्यांना जेवण गोड लागेना. शुक्रवारी त्यांनी पुन्हा लिहिलं, माझं चुकलं, तिलाच पाठव. परीक्षितनं कळवलं, जागा कालच दुसऱ्या वर्गाला दिली.

मंगळवारी वर्गाआधी त्यांनी शिल्पाला बाजूला घेतलं. "मला तुझा हेवा वाटतो. सूजिनसारखा नाही, खरा." आणि ईमेलचं सगळं सांगून टाकलं.

शिल्पानं हातातली वही मिटली. "मला जायचं होतं, ताई. त्या प्रशिक्षणावर इथे नोकरी शोधता आली असती."

"माहीत आहे मला."

"मग आत्ता मला काही बोलायचं नाहीये."

ती आत गेली. पुढच्या महिन्यात अर्चनाताईंनी परीक्षितला आपला वर्ग शिल्पाकडे सोपवायला लावला आणि स्वतः शेजारचं, नव्यानं येणाऱ्या बायकांचं टेबल घेतलं. शिल्पा आता नमस्कार करते, चहाही आणून देते. पण पलीकडे तिच्या वर्गातून हसण्याचा आवाज आला, की अर्चनाताईंचं शिकवणं अजूनही मध्येच अडखळतं.