दरबाराच्या पडद्याला पाणी नको

मी एक जुनी प्रेशर मशीन आहे. पाण्याचा जोरदार फवारा मारून गाड्या धुणं हे माझं काम. सिंदेवाहीतून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर संघप्रियाचं वॉशिंग सेंटर आहे, तिथे पाण्याच्या टाकीला टेकून मी बसलेली असते. माझा रंग निळा होता म्हणतात. जिथे तो उरला आहे, तिथे अजून निळाच आहे. मित्रांनो, माझ्या आवाजावर जाऊ नका. मी सुरू झाले की शेजारच्या टपरीवर माणसं खुणा करून चहा मागतात, पण मनानं मी वाईट नाही. थोडी फुशारकी मारायची खोड आहे, तेवढी सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोटात तीन दट्ट्यांचा पंप, पाठीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर आणि सोबत पाणी मारायच्या बंदुकीला लावायची तीन तोंडं. लाल तोंडातून पाणी सुईसारखं बारीक आणि सरळ सुटतं. हिरव्यातून ते हातपंख्यासारखं पसरतं. पांढऱ्यातून आणखी रुंद आणि बरंच मऊ येतं. तपासणीच्या दिवशी तिथल्या माणसानं लाल तोंड लावून गंजक्या पत्र्यावर पाणी मारलं. गंज क्षणात उडाला आणि त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या डोक्यात हवा गेली ती त्या थापेनं.

पहिली नोकरी लागली भद्रावतीच्या बाजूला, कोळसा वाहणाऱ्या डंपरच्या यार्डात. तिथे मला चालवायचा कुलदीप. अंगानं किडकिडीत, बंदुकीचा घोडा दाबला की माझ्या धक्क्यानं तो स्वतःच दोन पावलं मागे सरकायचा. डंपरच्या चाकांवर कोळशाचा आणि चिखलाचा वीतभर थर असायचा. आम्ही कायम लाल तोंडच लावायचो. थर ढेकळांनी गळून पडायचा आणि कुलदीप ओरडायचा, "पाह्यलं का! इची धार कोळशालेबी घाम फोडते!" दुसऱ्या दिवशी डंपर पुन्हा काळेच व्हायचे, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. ते काळे होत होते म्हणून तर माझं कौतुक होत होतं.

कुलदीपला दुसरीकडे काम मिळालं आणि माझे दिवस फिरले. नवीन माणसानं पाणी गाळायची जाळी कधी साफ केली नाही. एकदा तर टाकी रिकामी असताना मला अर्धा तास कोरडीच पळवली. मित्रांनो, पाण्याशिवाय पळवलं तर माझ्यासारखीचं आतलं सगळं जळतं. पंपातलं पाणी रोखणारे माझे रबरी सील गेले, धार पिचकारीएवढी झाली आणि मला शेडच्या मागे लोटून दिलं. दोन वर्षं मी तिथे पडून होते. एका मांजरीनं माझ्या नळीच्या वेटोळ्यात तीन पिल्लं घातली. ती पिल्लं माझ्या चाकांशी झोंबायची, तेवढीच काय ती करमणूक.

मग एके दिवशी संघप्रिया आली. तिनं आयटीआयमधून मेकॅनिकचं शिक्षण घेतलं होतं आणि स्वतःच्या सेंटरसाठी ती मशीन शोधत होती. तिच्यासोबत तिचे वडील बापूराव होते. मला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"काऊन वं पोरी, एवढं धूड घेऊन काय हत्ती धुतेस?"

संघप्रियानं माझा पंप हातानं फिरवला, कान लावला आणि म्हणाली, "बाबा, हे मेली नाई. हिचे सील गेले, बस."

हे मेली नाई! हे एवढे तीन शब्द ऐकून मला जो आनंद झाला, तो मी कुठल्याही डंपरवर मिळवला नव्हता. तिनं नवीन सील घातले, दुधासारखं पांढरं पडलेलं तेल काढून ताजं भरलं, जाळी घासली. सेंटर सुरू झालं त्या दिवशी बापूरावांनी येणाऱ्याजाणाऱ्याला आलूबोंडे खाऊ घातले आणि "माह्या पोरीची मशीन" म्हणून मलाच दाखवत सुटले. धूड वगैरे ते सोयीस्कर विसरले.

धानाची रोवणी सुरू झाली आणि बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चिखलणी करून आलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली. मी जोमात आले. पण जोमातच माणूस चुकतो, आणि मशीनही. लटारूभाऊंचा ट्रॅक्टर आला तेव्हा बंदुकीला लाल तोंड लावलेलं होतं आणि ते बदलायचं संघप्रियाच्या ध्यानात आलं नाही. ट्रॅक्टरच्या पुढच्या पत्र्यावर लटारूभाऊंनी आईच्या नावानं 'सुकरीमायची कृपा' असं रंगवून घेतलं होतं. चिखल गेला. चिखलाबरोबर 'सुकरीमायची' पण गेलं. नुसती 'कृपा' उरली.

लटारूभाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बाई, मायलेच धुऊन टाकलंस ना तू."

त्या दुपारी संघप्रियानं डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पेंटर बोलावून नाव पहिल्यापेक्षा ठसठशीत लिहून दिलं, लाल तोंड काढून भिंतीच्या खिळ्याला टांगलं आणि एक नियम केला. धुवायला आलेल्या वस्तूभोवती आधी एक चक्कर मारायची, हात लावून बघायचा, मग कुठलं तोंड ते ठरवायचं. मळ कसला आहे, चिखल की तेल? खाली लोखंड आहे की रंग, की चिकटवलेलं चित्र? ट्रॅक्टरच्या चाकाला मी आणि हिरवं तोंड. धान कापायच्या हार्वेस्टरच्या रेडिएटरला पांढरं तोंड, तेही चार हात लांबून, नाही तर त्याच्या पातळ पत्र्या वाकतात. वायर आणि बॅटरीकडे धार वळवायचीच नाही.

मोटारसायकलींसाठी तिनं एक छोटी पिवळी मशीन आणली. तिला सगळे धाकटी म्हणू लागले. तिला उचलायला एक हात पुरे. मी तिला बघून मनात म्हटलं, हिच्या फवाऱ्यानं डास तरी मरेल का? शिवाय एक हवेची मशीनही आली, गाडीच्या सीटमधली धूळ उडवायला. ती तर पाणीसुद्धा मारत नव्हती! तिला मी मोजतच नव्हते.

तर आता खरी गोष्ट सांगते. दिवाळी झाली होती, गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरत होती आणि मंडईच्या रात्री आमच्या झाडीपट्टीत नाटक हवंच. शेजारच्या गावात त्या दिवशी इंदुताईंच्या कंपनीचं नाटक होतं. साठी उलटलेल्या इंदुताई वडसा गावच्या, कंपनीच्या मालकीण आणि राजमातेचं काम अजून त्याच करायच्या. सकाळी त्यांचा ट्रक नाल्याच्या रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, घसरून चिखलात बसला. लटारूभाऊंनी ट्रॅक्टर लावून तो ओढून काढला आणि थेट आमच्या दारात आणून उभा केला.

काय अवतार होता! ट्रक चिखलानं माखलेला, लोखंडी खांब माखलेले, राजाचं सोनेरी सिंहासन शेतात लोळून आल्यासारखं. आणि बांबूला गुंडाळलेला, दरबाराचं चित्र रंगवलेला पडदा. ताडपत्रीमुळे वरचा भाग वाचला होता, पण खालचे दोन हात चिखलात लडबडले होते. तो उलगडला तेव्हा इंदुताई मटकन खालीच बसल्या.

"माह्या घरधन्याच्या हातचा शेवटचा पडदा हाये हा," त्या म्हणाल्या. "सोमाजी गेले त्याले चार वर्षं झाले. दुसरा दरबार माह्याजवळ नाई वं बाई. दरबाराबिगर राजा कुठी बसन? गावभर नाटकाचा भोंगा फिरला हाये."

टपरीवरची सगळी माणसं जमली होती. जो तो सल्ला देऊ लागला आणि सगळ्यांचा सल्ला एकच होता, मारा मशीन! बापूरावांचा आवाज सर्वांत मोठा.

"दोन मिनिटाचं काम हाये! हे डंपर धुणारी मशीन. पडदा काय चीज हाये हिच्यासमोर!"

खोटं कशाला सांगू? मी फुलून गेले. एवढी गर्दी, एवढं नाव, आणि धाकटीच्या डोळ्यांदेखत! इंदुताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मार बाई, पण लवकर." संघप्रियानं बटण दाबलं. मी घरघरले, नळी ताठ झाली, बंदूक तिच्या हातात थरथरू लागली.

आणि ती थांबली. बंदूक खाली ठेवून तिनं पडद्याभोवती चक्कर मारली. सगळे चुळबुळले, बापूराव तर "आता काऊन थांबलीस?" म्हणून हातवारेच करू लागले. ती पडद्यापाशी उकिडवी बसली, बोट पाण्यात बुडवलं आणि कोपऱ्यातल्या निळ्या आभाळावर हळूच टेकवलं. बोट निळं झालं.

तिनं माझं बटण बंद केलं. "इंदुताई, हा रंग पाण्यानं निघते. सोमाजीभाऊ रंग सरसाच्या खळीत कालवत होते का?"

इंदुताईंनी तोंडावर हात ठेवला. "हो वं! मीच तर चुलीवर सरस शिजवून देत होती. घाईत माह्या ध्यानातच नाई राह्यलं. हे मशीन लागली असती तर..."

पुढचं मला लख्ख दिसलं. एका झटक्यात मी आभाळ, खांब, झुंबरं, सगळा दरबार नालीत वाहून नेला असता, आणि वर शाबासकीची वाट पाहिली असती. मित्रांनो, मला माझी स्वतःची भीती वाटली ती त्या दिवशी, पहिल्यांदाच.

"मंग आता काय चाटून साफ करायचा?" बापूरावांनी विचारलं.

"वाळवायचा," संघप्रिया म्हणाली. "ओला चिखल घासला तर आत जाते. वाळला का आपोआप सुटते. आन् बाबा, तुम्ही लय बोलून राह्यले ना? ते सिंहासन घ्या आन् ओल्या फडक्यानं पुसा. मशीन नाई लावायची, सोनेरी रंग उडते."

हशा पिकला. बापूरावांनी मुकाट्यानं फडकं घेतलं.

मग सेंटरवर जी धमाल उडाली! ट्रक माझ्याकडे आला. हिरवं तोंड लावून मी त्याच्या चाकांतला नाल्याचा चिखल धुऊन काढला आणि त्यात मला जुनीच मजा आली. लोखंडी खांब धाकटीनं चकाचक केले. तिचं काम मी पहिल्यांदा नीट पाहिलं, एकाही खांबाचा रंग तिनं उडवला नाही. कंपनीतली माणसं ऊन पाहून पडदा दोरीवर ताणून उभी राहिली. बापूराव सिंहासन पुसता पुसता मध्येच त्यावर बसून राजासारखे हुकूम सोडत होते आणि इंदुताई रडायचं विसरून हसत होत्या.

दुपारी दोनला चिखल पांढुरका पडला, त्याला भेगा गेल्या. संघप्रियानं हवेची मशीन काढली. होय, तीच, जिला मी मोजत नव्हते. हवा कमीत कमी ठेवली आणि पडद्याच्या पुढून नाही, मागून मारली. चिखलाचे पोपडे पुढच्या बाजूनं टपाटप गळू लागले. खालून एक खांब निघाला, मग पायऱ्या, मग गालिचा. कोपऱ्यात अडकलेली माती इंदुताईंनी तोंडाला पावडर लावायच्या ब्रशनं झटकली, लेकराचं तोंड पुसावं तशी. शेवटी पायऱ्यांशी एक तपकिरी डाग राहिला तो राहिलाच. संघप्रिया हिरमुसली.

इंदुताई म्हणाल्या, "राहू दे. एवढी माणसं दरबारात येतात, त्याइच्या पायाची माती पडनच ना!"

ट्रक निघाला. ऊन उतरलं. शेजारचं गाव जवळच, त्यामुळे दिवे लागले तेव्हा भोंग्याचा आवाज आमच्यापर्यंत स्वच्छ ऐकू येत होता. संघप्रिया नाटकाला गेली होती, बापूरावांना पुढची खुर्ची मिळाली होती. सेंटरवर आम्ही तिघी मशिनीच होतो. नांदी झाली, आणि मग इंदुताईंचा खणखणीत आवाज आला.

"मायबाप रसिकहो, आजचा दरबार तुमच्यासमोर उभा आहे तो संघप्रियाताईंमुळे. त्यांच्यासाठी जोरात टाळ्या! आणि त्यांच्या सेंटरवर एक मोठी मशीन आहे. तिनं या पडद्याला हात लावला नाही, म्हणून तिचेही आभार!"

आधी हशा आला आणि मग टाळ्या. अशा टाळ्या की टाकीतलं पाणी हललं, असं निदान मला वाटलं. धाकटीच्या देखत मी लाजले.

मित्रांनो, तुमच्या घरी, दुकानात, शेतावर माझ्या जातीची एखादी मशीन असेल. तिची जाळी साफ ठेवा, तिला पाण्याशिवाय पळवू नका, काम झालं की नळी गुंडाळून सावलीत ठेवा. एवढं केलंत तर ती वर्षानुवर्षं तुमच्यासाठी राबेल. पण तिचं बटण दाबण्याआधी समोरच्या वस्तूभोवती एक चक्कर मारा, तिला हात लावून बघा. कुणीतरी ती आपल्या हातांनी रंगवलेली असते. ती चिवट असेल तर मला बोलवा, बेताची असेल तर धाकटीला सांगा. आणि पाणी तिला सोसणारच नसेल, तर मला खुशाल बंद ठेवा. खरंच सांगते, मला आता त्याचं वाईट वाटत नाही.