एकाच नावाची पोती

बसा जी, चहा येऊन राहिला. तोवर एक गोष्ट सांगतो. आवडली नाही तर मला शिव्या द्या, पण अर्ध्यातून उठू नका. शेवटी तुमच्यापाशीच काम आहे.

गोंदियाला लागूनच्या फुलचूरला माझ्या बाजूच्या घरात उदाराम राहतो. राइस मिलमध्ये मशीनला धान टाकायचं काम. अंगावर सदा कोंडा, भुवया तर जन्मापासूनच पांढऱ्या आहेत असं वाटावं. या माणसाला 'नाही' म्हणता येत नव्हतं. सेठ म्हणे, "उदाराम, आज रात को रुकेगा?" हा म्हणे, "हव जी." मी म्हणो, "उदा, तुही सायकल आज मी नेतो बे." "हव." मग त्यालाच मिलमध्ये जायचं असे, तर पायी जाई.

त्याची बायको शकुंतलाबाई. तिला 'नाही' चांगलं म्हणता येई, दोघांच्या वाट्याचं तीच म्हणे. अन् ती गाई. आमच्या पोवारांच्या लग्नातली जुनी गाणी, हळदीची, मांडवाची, बिदाईची. आमगाव, गोरेगावहून बोलावणं येई. बिदाईचं गाणं तिनं धरलं की नवरदेवाचा बापही रडे. त्याचं काय जाऊन राहिलं होतं? पण रडे.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरनं सरळ सांगितलं, आवाजाची पेटी काढावी लागेल. बाई जगेल, बोलणार नाही. ऑपरेशनची तारीख दिली. उदाराम तिथंही "हव" म्हणाला. परतीच्या गाडीत ती एवढंच बोलली, "गाने तं मंग माह्यासंगच जातीन जी."

दुसऱ्या दिवशी उदाराम योगेश्वरीच्या दारात उभा. योगेश्वरी म्हणजे आमच्या गल्लीतल्या श्यामलालची पोरगी. घराच्या पुढच्या खोलीत कंप्युटर क्लास चालवते. मीही सोबत होतो, कारण एकटा गेला असता तर दारातूनच वापस आला असता.

"काका, गाने मीच रेकॉर्ड करून देते ना. तुमी कायले तरास घेता?"

"शकुन लाजते ओ. गळा फाटला म्हन्ते. माह्याशिवाय कोनापुढं गात नाही आता."

मग शिकवणी सुरू झाली. उदारामनं माउस असा धरला की टेबल हललं.

"काका, धानाचं पोतं नोहे ते! बोटानं धरा, हळू."

मी हसलो. तो हसला नाही. कपाळावरचा घाम कोंड्यात मिसळून त्याची लापशी झाली होती.

"आता पाहा," योगेश्वरी म्हणाली, "गानं म्हनून झालं तरी ते हवेतच आहे समजा. लाइन गेली का गेलं. सेव केलं का पोत्यात भरलं. फाइल म्हंजे पोतं. पोते ठेवाची खोली म्हंजे फोल्डर. अन् पोत्यावर नाव लिहा लागते."

उदारामचा चेहरा तेव्हा कुठं सैल झाला. "हे तं आपलंच काम आहे," म्हणाला.

त्यानंतर रोज दुपारी दोघं जात. शकुंतलाबाई पदर तोंडाशी धरून पुढं, हा मागं. आतून कडी. योगेश्वरी अन् मी ओट्यावर. त्या दिवसांत लाइनीचा काही भरोसा नव्हता. खिडकीतून दिसे, उदारामचा एक डोळा बायकोवर अन् एक पंख्यावर. पंखा जरा मंदावला की गाणं संपायच्या आधीच त्याचं बोट बटनावर. हळदीचं गाणं ऐकताना योगेश्वरी भाजी निवडायची थांबली. रोज एक गाणं. आवाज रोज थोडा आणखी बारीक. शेवटच्या दिवशी तर गाणं आलंच नाही. नुसता खोकला, अन् मग काहीतरी पुटपुटणं.

संध्याकाळी योगेश्वरी सीडी बनवायला बसली. सकाळी नागपूरची गाडी होती.

"काका, फाइल तं एकच आहे."

"एकच कशी? रोज भरली ना मी."

"नाव काय देत होते?"

"शकुन."

"रोज?"

"मंग? एका घरचं धान आहे ना ते. एका घरच्या साऱ्या पोत्यांवर एकच नाव राहते. मिलमधी आमी तसंच..."

"अन् मशीन काही इचारत नव्हती?"

"इचारे ना. इंग्रजीत काहीतरी इचारे. मी येस दाबत होतो."

पोरीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. "काका, ते इचारत होतं, का जुनं फेकून त्याच जागी नवीन ठेवू का म्हनून."

उदाराम स्क्रीनकडे पाहत राहिला. मग तिनं ती एक फाइल लावली. खोकला. पुन्हा खोकला. मग शकुंतलाबाई, "नाही निघत जी. राहू द्या. येताना दोडके आनजा. कवळे पाहून आनजा, मांगच्या खेपेले सारे जून आनले." मग उदारामचा आवाज, "हव." बस.

गोंदियाचा एक जाणता पोरगाही लगेच बोलावून पाहिला. तो म्हणाला, वरून दुसरं भरलं की खालचं निघत नाही.

घरी आलो तर शकुंतलाबाई नागपूरची पिशवी भरत होती. मी फाटकातच थांबलो. तिनं वर पाहून विचारलं, "सारे गाने आले का जी, आत?"

उदाराम चपला काढत होता. काढल्या, भिंतीला लावून सरळ ठेवल्या.

"हव," म्हणाला.

ऑपरेशन चांगलं झालं. ती आता घरी आहे. गळ्याला पांढरं फडकं, चेहऱ्यावर तेज आहे. पण संध्याकाळी कामं आटोपली की कानामागं पदर सारते, हवेत बोटानं गोल काढते. म्हणजे सीडी लाव. उदाराम म्हणतो, आज लाइन नाही. उद्या म्हणतो, मशीन दुरुस्तीले गेली. ज्याला 'नाही' म्हणता येत नव्हतं, तो रोज एक नवीन 'नाही' शोधून आणतो. माझी बायको म्हणते, तिला सारं ठाऊक आहे. मला नाही वाटत. ठाऊक असतं तर ती रोज कानामागं पदर सारून बसली नसती.

सुट्टीच्या दिवशी उदाराम, आता मी मागत नाही त्या सायकलवर, गावोगाव फिरतो, जिथं जिथं ती गायली त्या घरी. शूटिंगवाल्यांनी साऱ्या लग्नांवर वरून सिनेमाची गाणी चढवून ठेवली आहेत. बायका हात हलवताना दिसतात, आवाज दुसऱ्याचाच.

तर माझं काम हे. तुमच्या घरी, तुमच्या बहिणीच्या सासरी, कोणी हौसेनं हळदीच्या वेळी टेप लावला असेल, मोबाइल धरला असेल, तर ऐकून पाहा. ती ओळीच्या शेवटी आवाज खाली नेत नाही, वर नेऊन सोडते. असा आवाज लागला तर त्याच्यावर दुसरं काही भरू नका. तसाच घेऊन या. अर्धं गाणं असलं तरी चालेल.