लाईनने उगवलेला सूड

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि जवसाचं रान डोळ्यांपुढे आणा. निळी निळी फुलं वाऱ्यावर डोलत आहेत. जवसाची चटणी तुम्ही भाकरीबरोबर खाता. पण त्याच्या ताटांपासून धागाही निघतो, हे ठाऊक आहे का? फार जुन्या काळी, दूर युरोपात, या झाडाला 'लिनुम' म्हणत. त्याचा धागा दोन खुंट्यांना ताणून बांधला की सरळ रेघ मिळे. त्या धाग्यावरून माझं नाव पडलं. मी एक जुना शब्द आहे. माझं नाव लाईन.

इंग्रजीबरोबर मी इकडे आलो आणि इथलाच झालो. रुळांना लोक रेल्वेलाईन म्हणू लागले. नळावरच्या रांगेलाही माझंच नाव मिळालं. भूकंपानंतर किल्लारी गाव नव्याने बांधलं, तेव्हा गवंड्यांनी लाईनदोरी ताणूनच घरांचे पाये आखले. लातुरात कुणाचा मुलगा डॉक्टरकीला लागला, की 'मेडिकल लाईनला गेला' म्हणून पेढे वाटतात. आणि वीज गेली, की सारा मराठवाडा म्हणतो, लाईन गेली. एवढी माया मला माझ्या मूळ मुलखातही मिळाली नव्हती.

म्हणूनच तो अपमान मी विसरलो नाही.

किल्लारीची दीपमाला सातवीसाठी लातूरला सिंधुमावशीकडे राहायला आली. शाळेतल्या पहिल्याच आठवड्यात वर्गातले पंखे थांबले. ती सहज म्हणाली, "सर, लाईन गेली हाय."

श्रीनाथ सर फळ्यावर लिहिण्यात गुंतले होते. पुढच्या बाकावरची मनस्विनी मागे वळली. "पॉवर कट म्हणतात गं त्याला. जा, चढ खांबावर, लाईनमन."

वर्ग हसला. तेव्हापासून वीज जायचा अवकाश, सगळ्या माना दीपमालाकडे वळत. हळूहळू ती बोलेनाशी झाली. हजेरीलाही नुसता हात वर करी. शेवटी तिने मावशीला सांगितलं, मला गावाकडे पाठव. मावशी म्हणाली, शाळेच्या कार्यक्रमातलं तुझं भाषण तेवढं होऊ दे, मग नेऊन सोडते. पण भाषण म्हणजे त्याच मुलांपुढे पुन्हा तोंड उघडायचं.

मला मात्र आग लागली होती. मला हसता ते हसता, वर माझ्यापायी एका मुलीची वाचा बंद करता? मी दबा धरून बसलो. शब्दाला हातपाय नसतात, मित्रांनो. पण जिभेवर चढायला ते लागतही नाहीत.

भाषणाच्या दिवशी मनस्विनी माईकपुढे उभी राहिली. समोर पालक, पाहुणे, सगळी शाळा. भाषण ऐन रंगात आलं आणि माईक मुका झाला. मनस्विनीच्या घरी तिच्या आजोबांपासून स्वयंपाक करणाऱ्या पार्वतम्मांपर्यंत सगळे अशा वेळी माझंच नाव घेतात. मी नेमका तिच्या जिभेवर चढलो.

"अगं बाई, लाईन गेली," ती बोलून गेली.

मागच्या रांगांत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "लाईनमन." मनस्विनीचे कान लाल झाले. मी पोटभर हसून घेतलं. पुरती फेड झाली होती.

मित्रांनो, दुसऱ्याच्या तोंडचा शब्द जपून हाताळा. त्याचं घर, त्याची माणसं त्या शब्दात असतात. हसलात, तर माणूस कदाचित माफ करील. आम्ही शब्द मात्र माफ करत नाही.

पुढचं नाव दीपमालाचं होतं. सर म्हणाले, लाईट आल्यावर बोल. ती थांबली नाही. व्यासपीठाच्या पायऱ्यांवरून मनस्विनी खाली मान घालून उतरत होती. दीपमालाने तिची वाट अडवली.

"काय गेली म्हनलीस? मागं ऐकू आलं न्हाई. मोठ्यानं सांग की."

"लाईन," मनस्विनी पुटपुटली.

दीपमालाने बाजूला होऊन तिला जाऊ दिलं. मग तिने तो मुका माईक उचलून कडेला ठेवला, आणि पल्याडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी, तशा आवाजात बोलायला सुरुवात केली.