दोन वाजताचा रकाना

अंगठा तिचाच होता. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात कागद हलू नये म्हणून दाबून धरलेला, नखाशी चिकटपट्टी गुंडाळलेला, आणि त्या पट्टीची एक कड सुटून काळी पडलेली... अंगठा ओळखायला वेळ लागला नाही, पण ती चिकटपट्टी? ती तर केव्हाच निघाली होती. वडिलांच्या, अप्पांच्या, औषधाच्या बाटलीचं झाकण उघडताना कापलं होतं तेव्हाची ती. अप्पांना जाऊन सहा आठवडे होत आले आणि लेकीचा, मुंगीचा, निबंध तर गेल्या शनिवारचा. म्हणजे...

मग नजर अंगठ्यावरून वर सरकली. वहीचं रेघांचं पान. फूटपट्टीनं आखलेले रकाने, दर तासाला एक, आणि प्रत्येकात : वेळ, ताप, पाणी किती चमचे, औषध. अक्षर तिचं. आणि त्या सगळ्यावरून, बोटानं पडद्यावर ओढलेली, तिरकी लाल खूण. खाली आठ, आठखाली रेघ, रेघेखाली दहा. त्याच्याही खाली : ‘छान प्रयत्न. अजून थोडे लक्ष द्यायला हवे होते.’

दूध उतू गेलं. तिनं गॅस बंद केला, फडकं घेतलं, ओटा पुसला, फडकं पिळलं, पुन्हा ओटा पुसला, आणि हे सगळं होईपर्यंत फोनकडे पाहिलं नाही, जणू न पाहिल्यानं ते पान आपोआप बदलून तिथे मुंगीचं गोलगोल अक्षर येणार होतं.

चूक कशी झाली हे तिला लगेच कळलं, आणि तेच वाईट होतं. अप्पांचं ते पान भावाला पाठवायला म्हणून तिनं फोटोत घेतलं होतं आणि तेव्हापासून रोज एकदा, कधी दुकानात, कधी जिन्यात, ती तो फोटो उघडून बघायची. बघायची म्हणजे एकच रकाना बघायची. दोन वाजताचा. बाकी सगळे भरलेले, तो कोरा. त्या शनिवारी दुकानातून घाईघाईत निबंध पाठवताना फोनमधल्या चिमुकल्या चौकोनांतून रेघांचं एक पान तिनं निवडलं होतं. वही एकच होती, रेघाही त्याच. बोटाला सवय झालेल्या जागी बोट गेलं, इतकंच.

आतल्या खोलीतून मॅडमचा आवाज येत होता. बसलेला, खरखरीत. “आवाज येतोय का सगळ्यांना? ज्यांना येत नाही त्यांनी हात वर करा...” आणि मग स्वतःच हसल्या. मुंगी हसली नाही. एरवी हसली असती. मॅडमना तिनं प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. अप्पा अंथरुणाला खिळल्यावर ही तिघं अप्पांच्या घरी राहायला आली, जुनी शाळा लांब पडली, म्हणून ही पडद्यावरची शाळा. तरी मॅडम पाणी पिताना बाटलीच्या झाकणात ओतून पितात हे पाहून मुंगीही झाकणातून पाणी प्यायला लागली होती. मुंगी हे नाव अप्पांनी ठेवलेलं, भिंतीला हात लावत लावत चालते म्हणून. ही मुंगी गेले दोन दिवस कॅमेरा बंद ठेवून वर्गाला बसत होती. विचारलं तर म्हणाली, “असाच.”

फोटो उघडण्याचं कारण पालकांचा ग्रुप. तिथे सकाळपासून रण माजलं होतं. एक बाई होत्या, त्यांना सगळे मनातल्या मनात अर्ध्या मार्काची आई म्हणत. त्यांनी लिहिलं होतं, ‘माझ्या मुलाला साडेसात. शेरा : अजून थोडे लक्ष द्यायला हवे होते. कशाकडे, ते लिहिलेलं नाही.’ मग दुसरीनं, ‘आम्हालाही हाच शेरा!’ तिसरीनंही. एका बाबांनी लिहिलं, ‘अहो, नव्वद वह्या तपासायच्या एका माणसानं. उगाच राईचा पर्वत करू नका.’ त्यावर अर्ध्या मार्काची आई, ‘मूल बोलणार नाही, आपण नाही बोलायचं, मग बोलायचं कुणी?’ आणखी कुणीतरी, ‘बोला हो, पण मॅडमनी डूख धरला तर निस्तरायचं मुलांनाच.’ तिनं काहीच लिहिलं नव्हतं. ती नेहमी वाचायची फक्त. पण दोन दिवसांपूर्वी तिच्या नवऱ्यानं मुंगीला हाच शेरा मोठ्यानं वाचून दाखवला होता, “आठ मिळाले गं मुंगे! अजून थोडे लक्ष द्यायला हवे होते म्हणे,” आणि मुंगी जेवता जेवता थांबली होती. मार्क आणि शेरा निरोपातही आले होते, फोटो तेव्हा कुणी उघडलाच नव्हता.

नवरा बुटाची नाडी बांधत दारात बसला होता. “अरे, ऐक ना. निबंधाऐवजी दुसरंच पान गेलं माझ्याकडून.”

“कुठलं?”

“माझं. यादी होती कसली तरी.”

“आणि तिला आठ?” तो हसायला लागला. “मग कळवायचं कशाला? तुझ्या यादीला आठ, माझ्या तर शाळेतल्या वह्यांना कधी नव्हते.”

“चेष्टा नको रे. बघितलंच नाही त्यांनी.”

“मग लिही सरळ. मॅडम, चुकून दुसरं पान आलं, हे घ्या खरं. दोन ओळींचं काम. पण न बघता मार्क दिलेत वगैरे काढत बसू नकोस. पोरीला उद्या त्यांच्याचसमोर बसायचंय.”

“समोर कुठे बसतेय ती? कॅमेरा बंद असतो तिचा.”

त्यानं नाडीची गाठ मारली. मग म्हणाला, “आजोबांची आठवण येत असेल. होईल हळूहळू.” आणि गेला. हळूहळू हा शब्द त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर असतो.

दुकानात दिवसभर तिचं काम डोळे तपासायचं. अंधाऱ्या खोलीत समोर अक्षरांची पाटी, माणसाच्या नाकावर लोखंडी चौकट, चौकटीत ती एकेक भिंग सरकवणार आणि विचारणार, “हे बरं दिसतं, की हे?” आज पहिलेच एक म्हातारे गृहस्थ आले होते, निवृत्त हेडमास्तर. शेवटची ओळ त्यांनी धडाधड म्हणून टाकली, आणि सगळी चुकली.

“बरोबर ना?”

“काका, दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. अंदाजाने नका सांगू.”

“वा! पोरांना मी जन्मभर सांगितलं, पेपर कोरा ठेवू नका, काहीतरी लिहा.”

“इथे काहीतरी लिहिलंत तर चष्मा चुकेल.”

“म्हणजे कोरा ठेवलेला बरा?” म्हातारे चौकटीआडून मिस्कील हसले, आणि ती भिंगांच्या पेटीकडे वळली, वळून नुसतीच उभी राहिली, कारण कोणतं भिंग काढायला आपण वळलो हे तिला आठवेना.

कोरा... तीन आठवड्यांची जागरणं झाली होती. अप्पांच्या त्या शेवटच्या दिवशी दुपारी एकला तिनं रकाना भरला, ताप शंभर, पाणी तीन चमचे, औषध दिलं, आणि भिंतीला टेकून बसली, फक्त पाठ टेकायला. डोळे उघडले तेव्हा अडीच वाजून गेले होते, अप्पांची मान दुसऱ्या कुशीला वळलेली, श्वासाची लय बदललेली. त्यानंतर ते जागे असे झालेच नाहीत. दिवेलागणीला संपलं. डॉक्टर म्हणाले, काहीही फरक पडला नसता. भाऊ म्हणाला, तू केलंस तेवढं कुणी केलं नसतं. सगळेच म्हणाले. पण मी झोपले होते. हे कुणी म्हणालं नाही. सहा आठवड्यांत एका माणसानं नाही. आणि आता एका बाईनं, जिनं ते पान पाहिलंसुद्धा नाही, त्याच्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं : अजून थोडे लक्ष द्यायला हवे होते.

पाहिलं नाही? की पाहिलं?

दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात तिनं रकाने मोजले. दहा निघाले असते, त्यांतले आठ भरलेले, तर तिला काय वाटलं असतं कुणास ठाऊक. बारा होते. अकरा भरलेले. आकडा कशाशीच जुळत नव्हता, आणि ती चक्क हिरमुसली.

जेवणाच्या सुट्टीत तिनं निरोप लिहायला घेतला. ‘नमस्कार मॅडम, तसदीबद्दल क्षमस्व.’ क्षमस्व कशाला? पुसलं. ‘मॅडम, आपण जे पान तपासलंत ते एकदा पुन्हा पाहाल का?’ हे टोचून बोलल्यासारखं वाटलं. पुसलं. ‘मॅडम, ते पान माझ्या वडिलांच्या शेवटच्या दिवसाचं आहे. त्याला तुम्ही आठ दिलेत. दोन कशाचे कापलेत?’ हे तिनं पुसलं नाही लगेच. तीनदा वाचलं. तो बसलेला आवाज, ते झाकणातलं पाणी, ती स्वतःच हसणारी बाई तिच्या डोळ्यांसमोर आली. त्यांच्याही घरात कुठल्या खोलीत कोण झोपलेलं असेल, एका हातानं त्या काय सांभाळत असतील आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं लाल खुणा ओढत असतील... असेल, नसेलही. पण मुंगीचं काय? मुंगीनं निबंध लिहिला होता, दोन संध्याकाळी बसून, वहीवर हाताचा आडोसा धरून. तो कुणी वाचलाच नव्हता. कुणी म्हणजे कुणीच...

डबा तिनं तसाच बंद केला. निबंध तिनंसुद्धा वाचला नव्हता. घाईत पानाचा फोटो काढून ठेवला होता, वही मिटली होती.

चार वाजता ती घरी आली. समोरच्या मावशी दुपारभर मुंगीपाशी असत. त्या दारातच म्हणाल्या, “जेवलीय तशी. पण तुझी लेक आज अगदी मिठाची गुळणी धरून बसलीय गं. मी दोन कोडी घातली, दोन्ही मलाच सोडवायला लागली.” मुंगी अप्पांच्या खोलीत होती, रिकाम्या पलंगाखाली, पोटावर पडून चित्र काढत. चपला न काढताच तिनं वही घेतली.

‘माझे आजोबा. माझ्या आजोबांना सगळे अप्पा म्हणत. ते शिवणयंत्रे दुरुस्त करत. त्यांच्या कॉलरला नेहमी एक सुई असे म्हणून त्यांना मिठी जपून मारावी लागे. आजारी पडल्यावर ते चमच्याने पाणी पीत. चमचे मी मोजत असे. शेवटच्या दिवशी दुपारी आई बसल्या बसल्या झोपली. मग आजोबा जागे झाले. मी विचारले आईला उठवू का. ते म्हणाले राहू दे, दमलीय. मी त्यांना चार चमचे पाणी दिले. मग त्यांनी हात वर करून काहीतरी मागितले. मला कळले नाही. मी आईला उठवले नाही. माझे आजोबा मला फार आवडत.’

अक्षर गोलगोल, काना-मात्रा जागच्या जागी. ‘उठवले नाही’ खोडून पुन्हा लिहिलं होतं, कागद तिथे पातळ झालेला.

ती पलंगाशेजारी जमिनीवर बसली. तिथेच, त्याच भिंतीशी. आतून एकदम सगळं तिच्या अंगावर आलं : अप्पा जागे होते, बोलले होते, ‘दमलीय’ म्हणाले होते, आणि हे एवढंसं पोर एकटं त्यांच्या उशाशी चमचा धरून बसलं होतं, आणि सहा आठवडे ते पोटात ठेवून हिंडत होतं, आणि शेवटी धीर करून त्यानं ते एका अनोळखी बाईला लिहून कळवलं, आणि उत्तर आलं... बापाच्या तोंडून, जेवता जेवता...

“मुंगे.”

“काय?”

“मॅडमनी तुझा निबंध वाचला नाही गं. माझ्याकडून चुकीचं पान गेलं. ते आठ... ते तुझे नाहीत. तो शेरा पण तुझा नाही.”

पलंगाखाली पेन्सिल थांबली. “मग कुणाचा?”

“माझ्या पानाचा. अप्पांच्या औषधाचं पान.”

मग मुंगी सरपटत बाहेर आली, केसांना जळमट. “म्हणजे तू लक्ष द्यायला हवं होतं?”

“हो,” ती म्हणाली. मग, “नाही.”

“आता माझं पाठवणार?”

फोन तिच्या मांडीवर होता. ‘दोन कशाचे कापलेत?’ अजून तसंच लिहिलेलं, पाठवायचं थांबलेलं. ते पुसून दोन ओळी लिहायच्या, दोन ओळींचं काम. मग मॅडम हेही पान उघडणार, की न उघडता, आणि या पातळ झालेल्या कागदावर एक लाल तिरकी खूण, आणि खाली आकडा. नऊ आला तरी. दहा आला तरी. आणि नाही पाठवलं तर मुंगी उद्याही काळ्या चौकोनाआड बसणार, कुणीतरी वाचावं म्हणून लिहिलेलं कुणी न वाचता.

“तुला काय वाटतं?” तिनं विचारलं.

मुंगीनं खांदे उडवले. “मॅडमना माहीत असेल का, त्यांना काय हवं होतं ते?”

“आजोबांना? नाही गं. मॅडमना कसं माहीत असेल?”

“मग तुला?”

“हात कसा केला होता त्यांनी?”

मुंगीनं उजवा हात वर केला. कोपर वाकलेलं, बोटं सैल, मग बोटं किंचित मिटली आणि पुन्हा उघडली. बस, एवढंच.

पाणी? पण पाणी दिलं होतं, चार चमचे. खिडकी? पडदा? मुंगीच्या डोक्यावरून हात? कॉलरची सुई? की मला... मला बोलवत होते? एकेक भिंग ती सरकवून पाहत होती, हे, की हे, आणि प्रत्येकातून काहीतरी दिसल्यासारखं होत होतं, आणि ‘हो, मला कळलं, ते खिडकी म्हणत होते,’ असं म्हणून टाकायचा मोह अगदी ओठांवर आला होता. पोरीचं ओझं तरी उतरलं असतं. मुंगी हात तसाच धरून वाट पाहत होती.

“मला नाही कळत,” ती म्हणाली. “मलाही नाही कळत, मुंगे. मी जागी असते तरी नसतं कळलं बहुतेक.”

मुंगीचा हात हळूहळू खाली आला. ती रडली नाही. सरकून तिच्या कुशीशी बसली, भिंतीला पाठ लावून, आणि दोघी रिकाम्या गादीकडे पाहत राहिल्या. फोनचा उजेड मंद झाला, विझला.

“पुन्हा दाखव,” थोड्या वेळानं ती म्हणाली, आणि या खेपेला मुंगीच्या बरोबरीनं तिनंही आपला हात वर केला... कोपर वाकवून, बोटं सैल सोडून.