पट्टा

वसंताच्या छातीत पहिल्यांदा कळ आली तेव्हा गीता जमिनीवर पडलेली होती आणि त्याच्या हातात ट्रकचा जुना फॅनबेल्ट होता. लालबर्ऱ्याला सिवनी रोडवर त्याचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. पट्टे तिथूनच घरी यायचे. त्या संध्याकाळी गीता न विचारता शेजारणीबरोबर चक्कीवर गेली होती, एवढंच निमित्त. उगारलेला पट्टा वरच राहिला. वसंताचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला, आणि छातीच्या मधोमध मूठ दाबत तो खाटेवर बसला. कळ गेली, पण त्या दिवशी हात पुन्हा उठला नाही.

मग दर खेपेला तसंच होऊ लागलं. गीता भिंतीकडे तोंड करून पाठ द्यायची आणि कळेची वाट बघायची. मार कुठंतरी संपणार आहे हे ठाऊक असलं की दात आवळून राहता येतं.

वसंता बालाघाटला डॉक्टर देवश्रींना दाखवून आला. त्यांनी पित्ताच्या पिवळ्या गोळीसोबत एक पांढरी गोळी दिली, ठोके आवरणारी. पांढरी लागू पडली. पहिल्याच आठवड्यात त्यानं मयुरीला धरलं, कॉलेजात जाणाऱ्या पोटच्या पोरीला, फोनवर हसत होती म्हणून. गीता मधे पडली, आपटली, पुन्हा उठली. तिची नजर सारखी त्याच्या छातीकडे जात होती. कळ आलीच नाही. हात थकला तेव्हा तो थांबला. सकाळी झाडताना गीताला ओसरीत मयुरीच्या दाताचा तुकडा सापडला.

पुढच्या खेपेला वसंतानं गीतालाही सोबत नेलं. गोळ्या तीच काढून द्यायची.

"गोळीनं दुखणं दबलंय, गेलेलं नाही," देवश्री म्हणाल्या. "आधी शांत असताना हृदयाची सोनोग्राफी करू. मग पट्ट्यावर चालवू आणि ठोके वाढले की लगेच पुन्हा करू. नळी अरुंद असेल तर जोर पडल्यावर हृदयाचा तेवढा भाग नीट हलत नाही. स्क्रीनवर दिसतं ते. मग नळी उघडली की माणूस पहिल्यासारखा."

"पट्ट्यावर?" गीतानं विचारलं.

"चालता पट्टा असतो, ताई."

वसंता हसला. "आजवर हिले पट्टा दाखवला, आता माही पाळी आली म्हना!"

देवश्री हसल्या नाहीत. "दोन दिवस आधी पांढरी गोळी बंद करा. ठोके वाढले नाहीत तर टेस्टचा उपयोग नाही."

परतीच्या बसमध्ये गीताच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता. पहिल्यासारखा. गोळी बंद केली तर दोन दिवस मार आखूड होईल, पण टेस्टमध्ये दुखणं सापडेल. नळी उघडेल, आणि कळ कधीच येणार नाही. तिच्यासाठी नाही, मयुरीसाठी नाही.

गोळी पुढं कधीही थांबवता येईल, उघडलेली नळी बुजवता येणार नाही. तिनं गोळी चालूच ठेवली.

"हे बंद करा म्हने ना डाक्टरीन?" वसंतानं तळहातावरच्या गोळीकडे बघत विचारलं.

"बंद करायची ते पिवळी व्हय, पित्ताची," गीता म्हणाली आणि पिवळ्या गोळ्या डब्यात ठेवून दिल्या.

टेस्टच्या आदल्या संध्याकाळी त्याला पाना सापडेना. गीतानं मयुरीला शेजारी ढकललं, आतून कडी लावली आणि खिडकीचा गज धरला. पट्टा पाठीवर पडला, मानेवर पडला, वळ आले त्यावरच पुन्हा पडला. बरगडीत काहीतरी कट्कन वाजलं. तिनं गज सोडला नाही. कळ येणार नव्हती. तिनंच ती दाबून ठेवली होती.

सकाळी बसमध्ये ती पाठ न टेकता ताठ बसली. दवाखान्यात मयुरी खाली जिन्याशी थांबली. वसंताच्या छातीवर तारा चिकटवल्या. शांत असतानाची सोनोग्राफी चांगली निघाली. मग तो चालत्या पट्ट्यावर चढला. वेग वाढला, चढ वाढला, वसंता धापा टाकू लागला, पण ठोके एकशे चारच्या पुढं जाईनात. शेवटी त्याचे पाय भरून आले आणि देवश्रींनी पट्टा थांबवला.

"पांढरी गोळी घेतली होती का?"

"बंद होती ना. पिवळी."

"पिवळी नाही, पांढरी."

"ते त आज बी खाल्ली. हिनं देल्ली."

देवश्रींनी गीताकडे बघितलं. वसंतानंही बघितलं.

"मले मारून टाकून राह्यली होती तू?"

त्यानं तिचे केस धरले आणि डोकं मशीनच्या दांड्यावर आपटलं. भुवई फाटली. देवश्रींची मदतनीस प्रियंका "छोडो उसको! छोडो!" ओरडत मधे आली, तर कोपरानं तिला भिंतीवर फेकलं. चिकटवलेल्या दोन तारा तुटून लोंबल्या, बाकीच्या टिकल्या. चालून आधीच चढलेले ठोके रागानं आणखी चढले; स्क्रीनवरचा आकडा एकशे वीसवर गेला, एकशे तीसवर गेला. गीताच्या पोटात लाथ बसली. दुसरी लाथ उचलली गेली आणि तिथंच थांबली. वसंतानं छातीवर मूठ दाबली आणि तो गुडघ्यांवर आला.

"प्रियंका, थाने को फोन लगाओ," देवश्री म्हणाल्या. मग त्याला ओढून टेबलावर डाव्या कुशीवर घेतलं, जिभेखाली औषधाचा फवारा मारला आणि सोनोग्राफीचा दांडा छातीवर टेकवला.

गीता टेबलाला धरून उभी राहिली. पडद्यावर हृदय सगळीकडून आवळत होतं. त्याच्या पुढच्या भिंतीचा एक भाग तेवढा हलत नव्हता.

"भाऊ, अशी कळ आधी कधी यायची?"

"सायकलनं... चढावर," वसंता कण्हला.

"ताई?"

"मले मारताना येते," गीता म्हणाली. रक्त डोळ्यात उतरत होतं, ते तिनं पदरानं पुसलं. "आधी लवकर ये. गोळीपासून पोरीले बी मारून होते तरी येत नाही. नळी उघडली त कवाच येनार नाही. म्हनून देल्ली मी गोळी. तुमाले दिसू नये."

देवश्रींनी दांडा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "आजच नागपूरला पाठवते. परवापर्यंत नळी उघडतील. तोवर हातसुद्धा उगारायचा नाही, वसंतभाऊ. जीव जाईल."

"आन् उघडल्यावर?" गीतानं विचारलं.

"उघडल्यावर दुखणार नाही."

"म्हंजे परवापर्यंत."

"हो ताई. भुवईला टाके घालू द्या. पोलीस येतायत."

"पोलिसाले तुमी सांगा, जे पाह्यलं ते. टाके तिरोडीले घालून घेईन. माहा भाऊ हाय तिथं."

पिशवीतून तिनं गोळ्यांचा डबा काढला आणि वसंताच्या उशाशी ठेवला. "पांढरी ठोक्याची, पिवळी पित्ताची. आता तुमीच पाहून घ्या."

"गीते, थांब!" त्याचा हात तिच्या केसांकडे निघाला, अर्ध्यावर आला, आणि वसंतानं स्वतःच तो घाईघाईनं छातीवर परत घेतला.

गीतानं ते नीट बघून घेतलं. मग ती बाहेर पडली.

जिन्याशी मयुरी किंचाळली. "मम्मी! कितना खून आ रहा है!"

"येऊ दे. तिरोडीची बस कुठून लागते, ते विचार आधी."