खुटबावचं कुंड आणि कांद्याचा काटा

खुटबावच्या जलमुक्ती महाराजांच्या आश्रमात दर्शनाला बेताचीच गर्दी असे. खरी झुंबड उडायची ती मागच्या पत्र्याच्या संडासांपुढे. महाराजांच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून तासभर बसलेली माणसं बाहेर यायची आणि ओल्या कपड्यांनिशी तिकडे धावायची. पायांची सूज उतरत होती, बीपी खाली येत होतं. महाराज माइकवरून सांगत होते, "काळजात साठलेलं पाप बघा कसं पाण्यावाटे निघालं. आता गोळ्या कशाला? गोळ्या कुंडाला वाहा, बीपी आमच्या पायावर वाहा."

त्या धावणाऱ्यांत निमोण्याचे बापूसाहेबही होते. हे निवृत्त विज्ञानशिक्षक. गावात कुणी दारावर लिंबू-मिरची टांगली, तरी त्याला तासभर वैज्ञानिक दृष्टिकोन ऐकावा लागे. त्यांची बायको पुतळाबाई हिचं हृदय कमजोर झालेलं, पाय सुजायचे, म्हणून रोजच्या गोळ्या. शेजारणी तिला खुटबावला ओढू लागल्या, तेव्हा महाराजांचं पितळ उघडं पाडायचा विडा बापूसाहेबांनी उचलला. कांदा मोजायचा काटा गाडीत टाकला, बीपीचं मशीन घेतलं आणि आधी वजन-बीपी टिपून स्वतः कुंडात उतरले. बाहेर येऊन रांगेत उभे राहिले, जेमतेम अब्रू वाचवली, कोरडा लेंगा घातला आणि काट्यावर चढले. वजन चांगलं अर्धा किलो घटलेलं. बीपीही उतरलेलं.

भोंदूला उघडा पाडायला गेलेला माणूस पुराव्यासकट भक्त होऊन परतला. महाराजांनी माइक हातात दिला, तेव्हा तर त्यांना आवरेना. "मी स्वतः मोजलंय," असं ते इतक्यांदा म्हणाले की पुढच्या रांगेतल्या बायका त्यांनाच नमस्कार करू लागल्या. तो त्यांनी घेतलाही.

पुतळाबाई म्हणाल्या, "तुम्ही मोजलंय म्हंजी खरंच असंल." आणि कुंडात बसून त्यांनी गोळ्याही कुंडाला वाहिल्या.

पहिले काही दिवस बरे गेले. मग सूज परत आली आणि गुडघ्यापर्यंत चढली. एका सकाळी बापूसाहेब चहा घेऊन गेले तर पुतळाबाई भिंतीला टेकून बसलेल्या, ओठ काळवंडलेले.

"रात्रभर अशीच बसलीय. आडवं झालं की दम कोंडतोय. तुमाला कशाला उठवायचं?"

बापूसाहेबांनी चहा तिथंच ठेवला आणि गाडी काढली. इतकी भीती त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टर होती दीक्षा, एकेकाळची त्यांचीच विद्यार्थिनी. तिने ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. पुतळाबाईंची धाप कमी झाली तेव्हा ती बाहेर आली.

"गोळ्या कुणी बंद केल्या, सर?"

"मी. वजनकाट्यावर तपासून."

ती हसली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमचं शेततळं भरलंय ना? महाराजांशिवाय त्यात बसून बघितलं होतं का?"

बघितलं नव्हतं. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे ज्यांनी जन्मभर घसा फोडून शिकवलं, त्यांनीच बघितलं नव्हतं.

पुतळाबाईंचा धोका टळल्यावर बापूसाहेबांनी गाव शेततळ्यावर बोलावलं, दीक्षालाही. कमरेला दोर बांधून, दोर शेजारच्या गोकुळच्या हाती देऊन ते गळ्यापर्यंत पाण्यात बसले. मंत्र नको म्हणून गोकुळला मोबाइलवरचं भजनसुद्धा बंद करायला लावलं. तासाभराने बाहेर निघाले आणि कुणाशी न बोलता उसात पळाले. दोर सोडायचा राहिल्यामुळे गोकुळही मागोमाग ओढला गेला.

हसणं थांबल्यावर दीक्षाने समजावलं, "पाण्याच्या दाबानं पायातलं रक्त छातीकडं सरकतं. हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. हृदयाला वाटतं, अंगात पाणी फार झालं. मग ते रक्तात एक हार्मोन सोडतं. त्यानं मूत्रपिंडं जादा मीठ-पाणी बाहेर टाकतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं. पाण्याबाहेर आलं की थोड्या वेळात सगळं पुन्हा होतं तसं. सर, तुम्ही फळ्यावर हृदयाचा पंप काढायचात. हा पंप निरोपही धाडतो."

"मग काकूंचं असं का झालं?" गोकुळने विचारलं.

"त्यांचं हृदय रोजच ताणलेलं. ते सारखे निरोप धाडतंय, पण मूत्रपिंडं दाद देत नाहीत. म्हणून तर गोळ्या. अशा थकलेल्या हृदयाला कुंडात बुडवणं म्हणजे वर आणखी ओझं."

पुढच्या गुरुवारी बापूसाहेब खुटबावला गेले. लाडका भक्त आला म्हणून महाराजांनी हौसेने माइक दिला.

"मंडळी, मागं मी इथं मोजून मूर्खपणा केला. कुंडाचा गुण पाण्याचा हाय आन् तुमच्याच काळजाचा. आधी महाराज वजा करा, मग काय उरतंय ते बघा. आन् डॉक्टरला विचारल्याबिगर गोळी सोडू नका. माझी बायको मरता मरता वाचलीय."

माइक बंद पडला. पण चाळीस पोरांच्या वर्गात कमावलेला आवाज होता, त्याला माइक लागत नव्हता. काहीजण चपला शोधू लागले, काही तसेच बसून राहिले.

घरी पुतळाबाई पाठ टेकून निवांत पडल्या होत्या. बापूसाहेबांनी गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"ही पण तुम्हीच मोजलीय का?"

"न्हाई. हजारो माणसांवर तपासलीय. काहींना गोळी देऊन, काहींना न देता."

"मग द्या," पुतळाबाई म्हणाल्या. "तुमच्या एकट्याच्या काट्यावर आता माझा भरवसा न्हाई."