दहा हात लागतात

माईक हातात आला की चंद्रकुमार कोणाच्या बापाचं ऐकत नसे. शहापूरच्या सभागृहात लाल झेंड्याच्या पक्षाचं जिल्हा अधिवेशन भरलं होतं, आणि हा बाबा बिडी वळणाऱ्या बायांच्या हालांवर सव्वा तास बोलला. ज्यांचे हाल, त्या लाखनीच्या पाच बाया, प्रतिनिधी म्हणून आलेल्या, मागच्या रांगेत घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. चारच्या आत माल पोचला नाही तर ठेकेदार घेत नाही. हेही त्याच्या भाषणात होतं, बरं का! अडीचला कुंताबाई उठली, मागोमाग बाकीच्या चौघी. शोभाताई दारापर्यंत धावली. पण थांबा म्हणणार कोणत्या तोंडानं?

शोभाताईनं वीस वर्षं खपून या बायांची युनियन उभी केली होती. मागच्या साली त्यांचा संप जिल्हा सचिव श्यामरावनं तिसऱ्याच दिवशी मालकाच्या घरी चहा पिऊन मागे घेतला, एका बाईला न विचारता. तेव्हापासून तिनं मनाशी धरलं होतं, हा माणूस खुर्चीवरून उतरला पाहिजे. या अधिवेशनात सचिवपदासाठी गुप्त मतदान झालं असतं तर तो पडलाच असता. पण मतपत्रिकेवर नाव लागायला दहा प्रतिनिधींचे हात वर व्हावे लागतात, आणि एका माणसाला एकाच नावासाठी हात वर करता येतो. श्यामरावच्या विरोधात उभे राहायला निघाले दोघं. एक शोभाताई, दुसरा जवाहरनगरच्या कामगारांचा पुढारी चंद्रकुमार. दोघंही स्वतःला खरे डावे म्हणवणारे.

टाळ्या झाल्या, मग हात मोजले. शोभाताईला आठ, चंद्रकुमारला नऊ. कोणाला हात बदलायचा असेल तर म्हणून अध्यक्षांनी फेरविचाराला दहा मिनिटं दिली.

शोभाताईनं त्याच्याकडे दोन हात मागितले. तो म्हणाला, सचिवाला देशाच्या, जगाच्या राजकारणाची जाण लागते, नुसत्या बिड्यांची नाही. आणि वर, मले एकच हात कमी हाय, तुमीच द्या ना ताई, म्हणून गोड हसला.

"तुमी बोलून राहिले होते, तवा माहे पाच हात उठून गेले," शोभाताई म्हणाली. "ते आणून द्या. मंग मांगा."

राग गिळा, पक्षाकडे पाहा, असं तो समजावू लागला. वा रे वा! गिळायचं ते दर वेळी बाईनंच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या बाजूची सात माणसं तिच्याकडे बघत होती, ती करेल ते करायला तयार. तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून धरले. दहा मिनिटं संपली. श्यामराव बिनविरोध निवडून आला आणि घोषणाही त्यानंच दिल्या.

शोभाताई लाखनीला बसमधून उतरली तेव्हा कुंताबाई ठेकेदाराच्या पायरीशी उभी होती. खराब म्हणून त्यानं तिच्या अर्ध्या बिड्या रस्त्यावर फेकल्या होत्या.

"नाव लागलं का ताई तुमचं?"

शोभाताईनं नाही म्हणून मान हलवली.

"मंग चंद्रकुमारभाऊचं?"

"एक हात कमी पडला."

"कोनाचा?"

खोटं बोलता आलं असतं.

"माहा," शोभाताई म्हणाली.

कुंताबाई खाली बसून मातीतल्या बिड्या वेचू लागली. शोभाताई मदतीला वाकली, तर कुंताबाईनं पदर पसरून बिड्या आपल्याकडे ओढून घेतल्या.